सातला ‘येडू’ म्हणणारा मुलगा आणि पहिलीपासूनच्या तीन भाषा

खडूफळा | ६ जुलै २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेले अडीच महिने हिंदीच्या सक्तीवर जे काही चाललंय ते सगळं वाचतेय, टीव्हीवरच्या चर्चा ऐकल्या, काल वरळीचा ठाकरे बंधूंचा मेळावाही बघितला. आधी पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा १६ एप्रिलचा जीआर, मग १७ जूनचा दुसरा ज्यात ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आलं, मग २९ जूनला दोन्ही रद्द आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. जीआर मागे घेतले याचा मला आनंद झाला हे आधीच सांगून ठेवते. पण एवढ्या गदारोळात वर्गात बसलेलं पोर कुणाच्याच बोलण्यात येईना म्हणून हा धागा काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

मी पुण्यात मनपाच्या मराठी शाळेत शिकवते, २००१ पासून. शाळेचं नाव लिहीत नाही. यंदा दुसरीचा वर्ग, पट एकतीस, गेल्या वर्षी हीच मुलं पहिलीत माझ्याकडेच होती.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी मुलांना चिंचोके देते, प्रत्येकी मूठभर, आणि मोजायला सांगते. सुट्टीत काय विसरलेत काय राहिलंय ते कळतं. वडार समाजातला एक मुलगा आहे, त्याला इथे राजू म्हणू, खरं नाव वेगळं. आईबाप बांधकामाच्या साइटवर, कधी वाघोली कधी हिंजवडी, हा आजीपाशी राहतो. मागच्या वर्षभरात मी त्याच्या नावासमोर ‘वाचनात मागे, अंकज्ञानात मागे, वर्गात बोलत नाही’ असंच लिहीत आले. त्या दिवशी तो बाकाखाली मांडी घालून बसला होता आणि चिंचोके एकेक करून बाजूला सारत हळू आवाजात मोजत होता. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू, आरू, येडू. एकही चिंचोका चुकला नाही हो. बोट चिंचोक्यावर टेकल्याशिवाय पुढचा आकडा तोंडातून येत नव्हता, पहिलीत आम्ही ज्यासाठी महिनोन्‌महिने घालवतो ती एकास एक संगती त्याला पक्की येत होती. आणि तेवढ्यात शेजारच्या पोरीनं ऐकलं आणि ओरडली, बाई बाई हा येडू म्हणतोय! सगळा वर्ग हसला. राजूनं मूठ मिटली. पुढचे तीन दिवस त्यानं चिंचोक्यांना हात लावला नाही.

त्यांच्या बोलीत, म्हणजे वडारीत, जी तेलुगूच्या जवळची आहे, सातला येडू म्हणतात. बस, एवढंच होतं ते.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी दाखल-खारीज रजिस्टर काढून बघितलं. तिथे ‘मातृभाषा’ असा रकाना असतो, पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच उतरतो. राजूच्या नावापुढे ‘मराठी’. अक्षर माझं. गेल्या जूनमध्ये मीच एका दमात सगळ्यांच्या पुढे मराठी, मराठी, मराठी लिहीत गेले होते, एकाही आईला विचारलं नव्हतं की घरी काय बोलता. आता एकेका मुलाला विचारलं, आजीशी कसं बोलतोस ते बोलून दाखव. निम्म्याहून कमी मुलं घरी मराठी बोलतात. बाकीच्यांत गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, आहे, वडारी आहे, कलबुर्गीकडची कन्नड आहे, पारधी आहे, भोजपुरी आहे, एक नेपाळी आहे. चोवीस वर्षं मी मराठी शाळेत ‘मराठी मुलांना’ शिकवतेय अशा समजात होते.

म्हणून मला जे म्हणायचंय ते असं. आपण सगळे मराठी, हिंदी, इंग्रजी या तिघींचं भांडण करतोय आणि धरून चालतोय की मराठी शाळेतल्या पोराची पहिली भाषा मराठीच. राजूला मराठी दुसरी. इंग्रजी पहिलीपासून आहेच, २०००-०१ मध्ये सुरू झाली, ती तिसरी. हिंदी आली असती तर सहा वर्षांच्या पोराला ती चौथी झाली असती आणि जी त्याची खरी पहिली, जिच्यात तो बिनचूक मोजतो, तिला वर्गात एक मिनिटही नाही. राज्यघटनेत कलम ३५० क आहे, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलेलं, की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्यानं सोय करावी. २०२० चं राष्ट्रीय धोरणही म्हणतं की किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत, घरची भाषा किंवा मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हे माध्यम असावं. या तीन शब्दांत ‘किंवा’ आहे आणि राजू नेमका त्या ‘किंवा’त अडकलाय.

तुमच्या घरी, तुमच्या शाळेत काय अनुभव आहे ते लिहा. शिक्षक असाल तर वर्गात काय करता ते जास्त लिहा.

सायली_कोथरूड | ६ जुलै, रात्री ११:१५

बाई, मी आयटीत आहे, शिक्षणक्षेत्राशी संबंध नाही, पण त्या मिटलेल्या मुठीनं मला माझी मुलगी आठवली. आमची गोष्ट उलट्या बाजूची आहे. तिला तीन वर्षांची असताना एका इंग्रजी शाळेच्या नर्सरीत घातलं, नाव नको. पहिल्याच पालकसभेत सांगितलं की घरीही इंग्लिशच बोला नाहीतर मूल कन्फ्यूज होतं. आम्ही दोघांनी ते निमूट ऐकलं. सासूबाई साताऱ्याच्या, त्यांना इंग्लिश येत नाही, त्यांना आम्ही सांगितलं की आई तुम्ही तिच्याशी जरा कमी बोला. हे वाक्य मी बोललेय. त्या बिचाऱ्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहायच्या आणि ‘कम कम’ म्हणायच्या.

आता ती चौथीत आहे. मागच्या आठवड्यात इव्हॅपोरेशनचं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं, वॉटर टर्न्स इन्टू व्हेपर वगैरे. मी बाल्कनीतल्या दोरीकडे बोट दाखवून विचारलं की मग हे कपडे दोन दिवस झाले का वाळत नाहीयेत? गप्प. मग मराठीत विचारलं तर लगेच म्हणाली, हवा दमट आहे ना, आजी म्हणते पाऊस हवेतच असतो मग पाणी जाणार कुठे. म्हणजे समजलेलं सगळं आजीकडून मराठीत आलेलं आणि वहीत लिहिलेलं इंग्लिशमध्ये, आणि दोघांची भेटच झालेली नाही.

हडपसरकर | ७ जुलै, सकाळी ७:०५

खडूफळा ताई, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, शाळेत पहिला दुसरा असायचो. अकरावी सायन्सला गेलो आणि पहिल्या तासाला सर व्हेलॉसिटी म्हणाले, मला वेग माहीत होता, त्वरण माहीत होतं, गणितं येत होती, पण त्यांची वाक्यंच कळत नव्हती. शेजारी बसलेली मुलं हसत होती आणि मी मान खाली घालून देवनागरीत इंग्रजी शब्द लिहून घेत होतो. सहामाहीत फिजिक्स केमिस्ट्री दोन्ही गेले. वर्ष संपायच्या आत कॉमर्सला गेलो. आज बरं चाललंय पण इंजिनिअर व्हायचं होतं ते राहिलं. म्हणून माझी दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात आहेत आणि त्यासाठी आम्ही नवराबायको काय काय सोसतो ते आम्हालाच माहीत.

मातृभाषेतून शिका हे मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यातल्या बहुतेकांची नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत. ज्या गावात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली त्याच गावात सावित्रीबाईंनी १८५४ च्या कवितांतून इंग्रजी शिका असं सांगितलंय, ते काय उगाच? त्यांना माहीत होतं की जिच्या जोरावर वरच्या जागा मिळतात ती भाषा खालच्या माणसाला मिळालीच पाहिजे. आणि माध्यम कुठलं हे पालकच ठरवणार. कर्नाटक सरकारनं १९९४ ला चौथीपर्यंत मातृभाषा सक्तीची केली होती, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि ६ मे २०१४ ला निकाल लागला की सरकारला माध्यम लादता येणार नाही. मला तो निकाल योग्य वाटतो. राजूच्या बापाला विचारा, तो पण इंग्रजीच म्हणेल.

मुळामुठा | ७ जुलै, दुपारी १:३०

हडपसरकर, तुमचा अनुभव खोडता येणारच नाही, पण तुम्हाला नडलं ते मराठी माध्यम की अकरावीला एका रात्रीत सगळं बदलणं? दहा वर्षं इंग्रजी विषय होता तरी ऐकून समजेल एवढी ती शिकवलीच गेली नव्हती. कॅनडातल्या जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकानं १९७९ मध्ये एक फरक मांडला होता जो मला फार पटतो. मैदानावर बोलायची भाषा वेगळी आणि पुस्तकातून विचार करायची भाषा वेगळी. पहिली मुलं दोनेक वर्षांत उचलतात, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात. आपण मूल फाडफाड बोलायला लागलं की समजतो झालं.

आता धोरणाचं थोडं, कारण बरेच जण म्हणतात की केंद्रानंच पहिलीपासून तीन भाषा सांगितल्यात. तसं नाहीये. त्रिभाषा सूत्र कोठारी आयोगापासूनचं (१९६४-६६), १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात आलं, आणि तमिळनाडू त्याच वर्षापासून दोनच भाषांवर ठाम आहे. २०२० च्या धोरणात तीन भाषा आहेत पण त्यातल्या दोन भारतीय असाव्यात एवढंच, कुठल्या ते राज्य, विभाग आणि विद्यार्थ्यांवर सोडलंय. २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तर सरळ म्हणतो की सुरुवातीच्या वर्षांत दोन भाषा, तिसरी सहावीपासून. सीबीएसईनं २२ मे २०२५ ला परिपत्रक काढलं त्यातसुद्धा शाळांना मुलांच्या मातृभाषांची नोंद करायला सांगितलीय आणि दुसरीपर्यंत शिकवणं शक्यतो त्याच भाषेत. म्हणजे पहिलीपासून तिसरी भाषा ही घाई आपल्याकडेच झाली. आपल्या मराठी शाळांत हिंदी पाचवीपासून होतीच, कुणाचं काही बिघडत नव्हतं. आणि १७ जूनच्या जीआरमध्ये हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर इयत्तेत किमान वीस मुलं हवीत अशी अट होती. खडूफळांचा पट एकतीस आहे. चार वडारी पोरांनी वीस कुठून आणायचे?

अवांतर: आठवीपासून आपल्या पुण्यात निम्मी मुलं हिंदी सोडून संस्कृत का घेतात हेही बोललं पाहिजे. शंभरपैकी शंभर पडतात म्हणून. भाषा निवडताना आपण पोराला ती कशासाठी हवी हे कधी विचारलेलंच नाही.

बलियावाले | ७ जुलै, रात्री १०:२०

मेरा मतलब माझं मराठी लिखाण चुकलं तर समजून घ्या, १७ वर्षं झाली पुण्यात, भोसरीला वर्कशॉप आहे, पोरांकडून शिकलो.

सगळे लोक आम्हाला हिंदीवाले म्हणतात. आमच्या घरात हिंदी कुणीच बोलत नाही. माझी आई भोजपुरी बोलते, तिला शुद्ध हिंदी नीट येत पण नाही. गावच्या शाळेत पहिलीला मास्टर विचारायचे ‘तुम्हारा घर कहाँ है’ आणि आम्ही ‘हमार घर’ म्हटलं की छडी बसायची, कारण हमार नाही, हमारा. पाच कोटीपेक्षा जास्त लोकांनी २०११ च्या जनगणनेत भोजपुरी सांगितली पण ती सगळी हिंदीत मोजली. म्हणजे इथे हिंदीवरून एवढं भांडण चाललंय आणि तिथे हिंदीच्याच नावाखाली आमची बोली गेली. माझा मोठा मुलगा मराठी शाळेत शिकला, दहावीला त्याला मराठीत ८१ पडले. तो मराठीत मस्त बोलतो, त्याच्या आजीशी फोनवर बोलता येत नाही त्याला. हे मला फार लागतं. बाईंच्या वर्गातलं जे भोजपुरी बोलणारं पोर आहे त्याला विचारा, तुझ्या घरी कोणतं गाणं म्हणतात, ते म्हणू द्या एकदा.

तालीम_कॅम्प | ८ जुलै, संध्याकाळी ६:४५

अस्सलाम वालेकुम आणि नमस्कार. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, कॅम्प भागात. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी बोललंच नाही म्हणून लिहितेय. तीन भाषा आमच्याकडे पहिलीपासून आहेतच. उर्दू, मराठी, इंग्रजी. मराठी माध्यम सोडून जितक्या शाळा आहेत, कन्नड, गुजराती, उर्दू, सगळ्यांना तीन आहेत, जीआर निघायच्या आधीपासून. आणि आमच्या मुलांना लिप्यापण तीन, एक उजवीकडून डावीकडे, दोन डावीकडून उजवीकडे. पहिलीतली मुलगी वहीचं पान उलटं धरते तेव्हा तिला कोण वेडं म्हणेल, ती बरोबर धरते, फक्त तास मराठीचा असतो.

आणि घरी ती उर्दू पण नाही बोलत, दख्खनी बोलते. नक्को, हौ, मेरेकू, तेरेकू. पुस्तकात ‘मुझे’ असतं. मी नवीन होते तेव्हा प्रत्येक ‘मेरेकू’ खोडायची. आता खोडत नाही. फळ्यावर दोन रकाने करते, घरातलं आणि किताबतलं, आणि दोन्ही मुलांकडून म्हणवून घेते. मराठीचं म्हणाल तर आमच्या मुलींना मराठी कॉलनीतून येते, भाजीवालीकडून येते, त्यामुळे बोलायला घाबरत नाहीत, अडतात ते जोडाक्षरांत आणि ‘च’ ‘ज’च्या दोन उच्चारांत. चमचा आणि चार. तीन भाषा मुलं शिकतात, माझा विश्वास आहे, पण शिकवणाऱ्याला धीर पाहिजे आणि आधी एकीवर पाय टेकला पाहिजे.

हडपसरकर | ८ जुलै, रात्री ९:१०

बलियावाले भाऊ आणि तालीमताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटेना. माझं इंग्रजीबद्दलचं मत बदललेलं नाही. पण एक प्रश्न मनापासून पडलाय. एका बाईंच्या वर्गात सात बोली असतील तर तिनं करायचं काय? सात भाषा शिकायच्या? शासन सात शिक्षक देणारे का? नाहीतर हे बोलणं इथल्या इथेच राहील.

मेळघाट_ते_पुणे | ८ जुलै, रात्री ११:५०

हडपसरकर, याचं उत्तर मी देऊ शकतो थोडंफार. मी आता निवृत्त होऊन धायरीत राहतो, पण नोकरीतली नऊ वर्षं मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. तिथे मुलं कोरकू बोलतात. कोरकू मराठीच्या नात्यातलीच नाही, ती मुंडा कुळातली, झारखंडच्या संथालीच्या नात्यातली. पहिलं वर्ष मी पाठ वाचायचो आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघायची. हजेरी घेताना ‘हजर’ म्हणायची आणि तोच एक मराठी शब्द. मी वैतागून घरी पत्र लिहिलं होतं की ही मुलं मठ्ठ आहेत. ते पत्र बायकोनं जपून ठेवलंय, आजही वाचलं की वाईट वाटतं.

सुधारणा झाली ती एका चौथीतल्या मुलीमुळे. ती माझं वाक्य ऐकायची आणि वळून लहानग्यांना कोरकूत सांगायची, मी सांगितलेलं नसताना. आधी मी तिला गप्प बस म्हणायचो. मग लक्षात आलं की वर्गात शिकवणं तिचंच चाललंय. तिला शेजारी उभी केली. रोज पहिला अर्धा तास कोरकूत, गोष्ट तिनं सांगायची, चित्र मी काढायचं, मग त्याच चित्राचे मराठी शब्द. तिसऱ्या वर्षी माझी पहिलीची मुलं दिवाळीपर्यंत वाचायला लागली. मला कोरकू आजही धड येत नाही, शंभरेक शब्द येत असतील. ओडिशानं २००७ च्या आसपास हेच सरकारी पातळीवर सुरू केलं, दहा आदिवासी भाषांत पहिलीची पुस्तकं काढली आणि त्या भाषा येणारे शिक्षक घेतले. आपल्याकडे ते एकेका मास्तराच्या मर्जीवर राहिलं. बाईंना सात भाषा यायची गरज नाही. सात भाषा वर्गात बोलायला परवानगी हवी आणि मोठी मुलं, आज्या, माम्या यांना वर्गात यायला दार उघडं हवं.

खडूफळा | ९ जुलै, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देत नाही, हडपसरकरांना मात्र देते.

दादा, राजूच्या वडिलांना मी फोन केला होता. तुमचं खरं ठरलं, ते म्हणाले, बाई इंग्लिश शिकवा त्याला, आम्ही खडीच फोडली. मी त्यांना नाही म्हणणारी कोण? इंग्रजी त्याला मिळालीच पाहिजे, चांगली मिळाली पाहिजे, तुम्हाला मिळाली तशी अर्धीमुर्धी नको. म्हणूनच मी म्हणते की ती त्याला कशावर तरी उभी करून द्या. आमच्या शाळेत वरच्या वर्गांना सेमी आहे, गणित विज्ञान इंग्रजीतून. तिथे पोरं ‘डिनॉमिनेटर’ पाठ करतात आणि छेद म्हणजे काय ते माहीत नसतं, कारण भाकरीचे चार भाग ही गोष्ट कुठल्याच भाषेत कुणी त्यांच्याशी बोललेलं नसतं.

आता एक गंमतीचा नाही, फार महत्त्वाचा शोध सांगते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सदुसष्टला ‘साठ सात’ असंही दिलं होतं, आठवतंय का, केवढं वादळ झालं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांवर किती टीका झाली. पुस्तकात दोन्ही पद्धती होत्या, पण मराठी संपवायला निघालेत म्हणून लोक तुटून पडले. मीही तेव्हा स्टाफरूममध्ये विरोधातच बोलले होते. मराठीत आपण सदुसष्ट म्हणताना आधी सात येतो मग साठ, आणि लिहिताना आधी सहा मग सात. म्हणून दर वर्षी निम्मा वर्ग सदुसष्ट म्हटलं की ७६ लिहितो. जर्मन मुलांचंही असंच होतं म्हणे, त्यांच्यातही एकक आधी.

परवा मी राजूला जवळ घेऊन हळूच विचारलं, सदुसष्ट लिही. त्यानं ७६ लिहिलं. मग म्हटलं, तुझ्या आजीच्या भाषेत दहा दहाचे सहा गठ्ठे आणि वर सात चिंचोके, किती? तो म्हणाला, अरवै येडू. अरवै म्हणजे साठ, येडू म्हणजे सात. म्हटलं, लिही. ६७ लिहिलं. मी आणखी सांगत गेले, तेरा आकडे लिहून घेतले, एकही उलटा नाही. ज्या साठ-सातवरून महाराष्ट्र भांडला ते या पोराच्या तोंडात जन्मापासून होतं, आणि मी त्याच्या नावासमोर अंकज्ञानात मागे असं लिहिलं होतं.

मेळघाटवाले सर, तुमची चौथीतली मुलगी मला हवी होती म्हणून शोधली. आमच्याच शाळेत सहावीत वडारी बोलणारी एक मुलगी निघाली. मुख्याध्यापकांशी बोलतेय की आठवड्यातून दोनदा ती परिपाठानंतर अर्धा तास माझ्या वर्गात येऊ दे.

सायली_कोथरूड | १० जुलै, सकाळी ८:००

अरवै येडू वाचून मी हापिसच्या बसमध्ये शेजारच्या तेलुगू मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली अगदी बरोबर, आमच्यात इरवै ओकटी म्हणजे वीस एक, असंच सगळं. ती नेल्लोरची आहे, मुलगा इंग्रजी शाळेत, त्याला मात्र आता तेलुगूत वीसच्या पुढे येत नाही.

बाई, काल रात्री मुलीला आजीच्या खोलीत झोपायला पाठवलं. दोघी बारापर्यंत बोलत होत्या, मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं.

तालीम_कॅम्प | १० जुलै, रात्री ८:२०

खडूफळाताई, तुम्हाला तेलुगूचं पुस्तक लागलं तर बालभारतीचं आहे बरं का. सेनापती बापट रोडला एवढी मोठी संस्था आहे, १९६७ पासूनची, आठ माध्यमांत पुस्तकं काढते, मराठी हिंदी इंग्रजी उर्दू गुजराती कन्नड सिंधी तेलुगू. पीडीएफ फुकट उतरवता येतं. आमच्या उर्दूची मी तशीच घेते.

खडूफळा | १९ जुलै, रात्री ९:५५

दहा दिवस लिहायला वेळ झाला नाही, सरल आणि यूडायस या सरकारी पोर्टलांवर मुलांची माहिती भरायची चालू होती. मातृभाषेचा रकाना या वेळी एकेका घरी विचारून भरला. एक आई म्हणाली, बाई मराठीच लिहा, नाहीतर पोराला वेगळं बसवतील. तिला समजावायला पाऊण तास लागला. शेवटी तिनंच सांगितलं, गोरमाटी लिहा.

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. सहावीतली मुलगी मंगळवार-शुक्रवार येते. गोरमाटीसाठी कुणी मोठं मूल मिळालं नव्हतं, तर एका मुलीची याडी, म्हणजे आई, स्वतःहून म्हणाली की मी येते, कामावर जायच्या आधी. तिनं बाटीची गोष्ट सांगितली, आपण भाकरी म्हणतो ती. ज्या मुलांना गोरमाटी येत नाही तीसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होती, आणि मग तीच गोष्ट वर्गानं मिळून मराठीत सांगितली, मी फक्त फळ्यावर लिहिली. एवढी लांब गोष्ट या वर्गानं मराठीत आजवर सांगितली नव्हती. भोजपुरीवाल्या पोरानं गाणं म्हटलं, बलियावाले दादा, तुमच्यामुळे.

तेलुगूचं पहिलीचं पुस्तक उतरवून राजूच्या आजीला दाखवलं. तिला वाचता येत नाही, मीच आमच्या सोसायटीतल्या तेलुगू वॉचमनदादांकडून ऐकून घेतलेले शब्द म्हणून दाखवले. ती म्हणाली, हे आंध्रवाल्यांचं आहे बाई, आमचं थोडं वेगळं. त्यामुळे पुस्तक बाजूला ठेवलं आणि आज शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर तिलाच बसवून घेतलं, मी, ती, राजू आणि मूठभर चिंचोके. एक ते शंभर तिच्याकडून म्हणवून घेतले, मी देवनागरीत लिहीत गेले, राजू चिंचोके सारत होता. उच्चारात मी जिथे चुकले तिथे राजूनं दुरुस्त केलं, तीन वेळा, मोठ्यानं. ज्या मुलीनं त्या दिवशी ओरडून सांगितलं होतं ती दप्तर पाठीला लावून दारातच थांबली होती, मग आत येऊन बसली आणि तिनंही येडूपर्यंत म्हटलं.

शेवटी माझ्या लक्षात आलं की शून्य राहिलं. आजीला विचारलं, काहीच नाही त्याला काय म्हणता? तिनं रिकामा तळवा पुढे केला आणि म्हणाली, सुन्ना. सोमवारी तक्त्यावर सगळ्यात वर तेच लिहिणार आहे. गोरमाटीत आणि कलबुर्गीकडच्या कन्नडमध्ये शून्याला घरात काय म्हणतात ते कुणाला माहीत असेल तर उद्या रात्रीपर्यंत इथे लिहा, तक्त्यात दोन रकाने रिकामे आहेत.